अनुभव धागा : हातात मावणारा ड्रॅक्युलाचा किल्ला

चोडण_फेरी

आपल्याकडे क्रिकेटच्या गेमवर बोलणारे चिकार, पण कॅसलव्हेनिया म्हटलं की समोरचा विचारतो ते काय असतं (ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात हिंडून भुतं मारायच्या व्हिडिओ गेमची मालिका). म्हणून हा धागा. गेमबॉय ॲडव्हान्स नाहीतर डीएस, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरायच्या कन्सोलवर ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात जे कोणी हिंडलेत त्यांनी लिहा, कुठे बसून खेळलात, काय आवडलं, कशावर डोकं फिरलं.

माझं उत्तर ठरलेलं आहे, आरिया ऑफ सॉरो, 2003 ची. साल 2035, ड्रॅक्युला 1999 लाच कायमचा संपलाय, त्याचा किल्ला सूर्यग्रहणात कोंडून ठेवलाय, आणि जपानात शिकायला आलेला सोमा क्रूझ नावाचा पोरगा मैत्रिणीला भेटायला हाकुबा देवस्थानात जातो तो थेट त्या किल्ल्यातच. तिथे जे भूत मारशील त्याचा सोल, म्हणजे आत्मा, कधीतरी सुटतो आणि उडत येऊन सोमाच्या अंगात शिरतो. लाल असला तर अस्त्र, निळा असला तर बटण दाबून धराल तोवर चालणारी शक्ती, पिवळा असला तर नुसता लावून ठेवायचा. सोल पटकन मिळत नाहीत. खोलीत जा, मार, बाहेर ये, परत जा. मानशीवर (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) गरी टाकून बसल्यासारखं, लागला तर लागला.

आता हे टीव्हीसमोर बसून कोण करेल? पण रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना, आणि फेरी पलीकडे लागेपर्यंत, एक कोपरा साफ करून सेव्ह रूम गाठायची हे मस्त जमायचं. सिंफनी ऑफ द नाइट मोठी आहे मान्य, 1997 ची, प्लेस्टेशनवरची, पण तिला अख्खी संध्याकाळ द्यावी लागते. आरिया कामावर जाता-येता संपवता येते आणि तरीही किल्ला लहान वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच, बाकी तुम्ही भांडा.

पेन्सिल_सेल

भांडायलाच आलोय. सर्कल ऑफ द मून कुणी म्हणणार की नाही? 2001, गेमबॉय ॲडव्हान्स बाजारात आला तेव्हाचीच गेम. माझा काका शिपवर होता, सुट्टीवर येताना तो कन्सोल आणि ही एकच गेम घेऊन आला, त्यामुळे आवडनिवड हा प्रश्नच नव्हता.

त्या पहिल्या मॉडेलला स्क्रीनला लाईट नव्हता, आणि सर्कल ऑफ द मून इतकी काळोखी की संध्याकाळी घरात हिरो नेथन ग्रेव्हज कुठे आणि भिंत कुठे काही कळायचं नाही. म्हणून मी भर दुपारी बलकांवात (घरापुढच्या ओसरीवर) उन्हाला पाठ करून बसायचो, घामाने बटणं ओली, आणि स्क्रीनवर मध्यरात्रीचा किल्ला. आई म्हणायची अरे जेवून झोप तरी. दोन पेन्सिल सेल लागायचे त्याला, रेडिओतले काढून घालायचो मग बाबांच्या बातम्या बंद.

नेथनकडे मुळात चाबूकच, दुसरं शस्त्र उचलून लावता येत नाही. मजा सगळी कार्डांत. दहा एका जातीची, दहा दुसऱ्या जातीची, दोन्हीतलं एकेक लावायचं, म्हणजे शंभर जोड्या. मर्क्युरी आणि सॅलामँडर लावलं की चाबूक आगीचा होतो, तेव्हा पहिल्यांदा मी बलकांवात उभा राहिलो होतो. आणि अवघड आहे हो ती. आरियात सोमा जरा लेव्हल वाढला की सगळ्यांना कापत सुटतो, इथे शेवटपर्यंत मार खावा लागतो. पळायला पण प्रत्येक वेळी बाण दोनदा दाबायचा, त्यात माझं डावं बटण कामातून गेलं.

चोडण_फेरी

पळण्याचं बोललास ते बरं केलंस, तेवढ्यासाठीच मी ती अर्धवट सोडली.

साळगावची_पोर

मी मुलगी असल्याने माझ्या हातात कन्सोल यायला भावाने कंटाळावं लागायचं, सुदैवाने तो लवकर कंटाळायचा. आम्ही साळगावचे. बाकी गोव्यातली बरीचशी मोठी चर्चेस जुनी, बरोक पद्धतीची, पण आमच्या इथलं माय द देऊश चर्च 1873 चं आणि गॉथिक, वर टोकदार मनोरे, पांढरंशुभ्र, रात्री लाईट सोडला की शेतापलीकडून दिसतं. त्यामुळे आरियातला चॅपेलचा भाग आला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही, असले मनोरे मी शाळेत जाताना रोज बघत होते. फक्त आमच्या चर्चवरून कोणी हाडं फेकत नसे.

आजीचा किस्सा सांगायलाच हवा. यमराजासारखा दिसणारा डेथ नावाचा बॉस, म्हणजे वाटेतला मोठा शत्रू, आहे, हातात मोठा कोयता, शिवाय बारके विळे उडवतो आणि ते हवेत तुमच्या मागे फिरतात. मी मरतेय, परत लढतेय, परत मरतेय. आजी शेजारी तांदूळ निवडत बसलेली, चष्मा सावरून वाकून बघते आणि म्हणते, "अगो, हो कोण?" मी म्हटलं भूत आहे, किल्ल्यातलं. तर म्हणते, "हे कसलं भूत? आमचा देवचार रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, हा आपल्याच घरात आलेल्या पोराला कापतोय. ह्याला कोणी रोट दिला नसणार." त्यावर डेथला हरवून दाखवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

संगीत मिचिरू यामाने यांचं, पण त्या छोट्या स्पीकरवर त्याची पार वाट लागते आणि आमच्या एसपीला (गेमबॉय ॲडव्हान्सचं नंतरचं मॉडेल) हेडफोनची साधी जागा नव्हती, वेगळी पिन विकत घ्यावी लागायची. ती घेतल्यावर रात्री गोधडीत शिरून ऐकलं तेव्हा कळलं आपण इतके दिवस काय ऐकत नव्हतो.

चोर्ला_घाट

मला डॉन ऑफ सॉरोबद्दल तक्रार नोंदवायची आहे. 2005, डीएसवर, आरियाच्या पुढची गोष्ट, सोमाच हिरो. गेम झकास, सोल वापरून योको नावाच्या बाईकडून हत्यारं बनवून घेता येतात वगैरे. पण बॉस मेला की तो मरत नाही! टच स्क्रीनवर ठरावीक रेघांची मुद्रा काढायची, ती चुकली की साहेब थोडा जीव परत घेऊन उभे.

आता मी शिकायला बेळगावात. साखळीहून बस, चोर्ला घाट. तुम्हाला ती वळणं ठाऊक आहेत. एकदा अगदी शेवटचा वार बसला, मुद्रा आली, मी पेन टेकवलं आणि ड्रायव्हरने वळणावर समोरच्या ट्रकसाठी करकचून ब्रेक मारला. माझी रेघ स्क्रीनच्या बाहेर, शेजारच्या काकांच्या शर्टावर. बॉस उठला. काका म्हणाले काय रे हे, मी म्हटलं काका दोन मिनिटं हात हलवू नका. तेवढ्यात पुढचं वळण. पुढे ते पेनही सीटच्या फटीत गेलं, मग संपलेल्या रिफिलीने खेळलो, स्क्रीनवर त्याचे ओरखडे अजून आहेत.

दुसरं म्हणजे चित्रं. आरियात आयामी कोजिमा यांनी काढलेली माणसं कशी, फिकट, देखणी, थोडी आजारी. डॉनमध्ये सगळे लहान मुलांच्या कार्टूनमधून आलेले. ह्यावर मला वाद नको.

माटोळीखाली

आमच्या घरी चवथीला सगळे चुलतभाऊ जमायचे, दोन एसपी आणि एक लिंक केबल. आरियात केबल जोडून सोल अदलाबदल करता येतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. वीज गेलेली (चवथीला पाऊस आणि पावसाला वीज जाणं हे आलंच), समईचा उजेड, वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट), आणि खाली आम्ही सौदे करतोय की तुझा तो दे, माझे हे दोन घे. एका भावाने नेवऱ्या (करंज्या) घेऊन सोल विकले. एसपीला स्वतःचा लाईट आणि चार्जिंगची बॅटरी, त्यामुळे अख्ख्या घरात आमचाच कोपरा उजळलेला.

माझी स्वतःची गेम मात्र बाजारातल्या एका टपरीवरची, स्टिकर जरा वाकडा होता पण स्वस्तात मिळाली. बॅलोरला पाडला, तोच, जो मुठी आपटतो आणि डोळ्यातून झोत सोडतो, घामाघूम होऊन सेव्ह केली, झोपलो, सकाळी उघडून बघतो तर न्यू गेम. सगळं गेलं. टपरीवाला म्हणाला पाणी गेलं असेल आत.

हार्मनी ऑफ डिसोनन्सवर कोणीच लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. 2002. सर्कलच्या काळोखाच्या तक्रारी आल्या म्हणून असेल, ही भडक रंगाची, हिरोच्या कडेने निळी रेघ, काही झालं तरी हरवत नाही. संगीत मात्र किरकिरं. तरी मला आवडते, ज्यूस्ट बेलमाँट पळतो कसला!

नवीन_भरती

मी तुम्हा सगळ्यांच्या बराच नंतरचा. 2021 ला गेमबॉय ॲडव्हान्सच्या तिन्ही गेम एकत्र आल्या ना, त्या निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर खेळतोय. त्यात मेलात की मागे फिरवता येतं आणि कुठेही सेव्ह करता येतं. आरियात स्वतःला ड्रॅक्युला म्हणवणाऱ्या ग्रॅहमला मारलं, गेम संपली, नावं आली. एवढीच आहे का? शेवट फुसका वाटला.

साळगावची_पोर

नाही रे बाबा, तो खरा शेवट नव्हे! ज्यांनी खेळली नाही त्यांनी पुढचं वाचू नका. किल्ल्यात तीन जुनी पुस्तकं आहेत, ती वाच. ग्रॅहमसमोर जाताना फ्लेम डेमन, जायंट बॅट आणि सक्युबस हे तिन्ही सोल लावलेले हवेत. मग तो मेल्यावर सोमाला कळतं की ड्रॅक्युला परत जन्माला आलाय तो ग्रॅहम नव्हे, आपण. एवढा वेळ भुतांचे सोल आपल्यात का शिरत होते, तर ते मुळात आपलेच. हे कळलं तेव्हा मी कन्सोल बंद करून भावाला उठवायला गेले होते, रात्री, आणि शिव्या खाल्ल्या.

पेन्सिल_सेल

मी खेळली नव्हती. वाचलं. आभारी आहे मरे.

चोडण_फेरी

वीस वर्षं झाली बाबा तिला, आता काय लपवायचं. नवीन भरती, सक्युबसचा सोल काढायला सगळ्यात जास्त वेळ जाईल, धीर धर. मागे फिरवण्याचं बटण बॉसला वापरू नकोस, नाहीतर डेथला हरवल्याची मजाच येणार नाही. खरा शेवट झाला की ज्युलियसला, त्यातल्याच बेलमाँट घराण्यातल्या शिकाऱ्याला, घेऊन परत खेळ, त्यात गोष्ट नाही की सोल नाही, चाबूक आणि फेकायची अस्त्रं. आणि त्यानंतर सर्कल ऑफ द मूनला हात घाल, पेन्सिल सेलने एवढं लिहिल्यावर मीही अर्धवट राहिलेली काढतोय, बघू किती पळवतोय तो.