समथिंग इज राँग विथ ३०२

साठे (३०२): परबसाहेब, काल रात्री ११ वाजता ग्रुपवर 'समथिंग इज राँग विथ ३०२' टाकलंत. आमच्यात काय राँग आहे ते सगळ्यांसमोर सांगा. सकाळी भाचीचा फोन, "मावशी, घरात काय झालं गं?"

परब (सेक्रेटरी): गैरसमज नसावा 🙏 तुमच्या बाथरूमचा पाइप गळत असावा, एवढंच.

शेख (२०२): छत ठिबकतंय. खाली बादली लावलीय. प्लंबर कधी येणार?

साठे: मग 'पाइप' लिहा ना! 'विथ ३०२' म्हणजे आम्ही. गणपतीच्या वर्गणीलाही असंच केलं होतंत.

परब: वर्गणी कशाला आता.

निखिल (१०४): ३०२ राँग असणारच, कलमच तसं आहे 😂

ॲड. देवधर (५०१): १ जुलै २०२४ पासून खुनाला कलम १०३. न्याय संहिता वाचत जा.

मोहिते वहिनी (१०३): अहो वकीलसाहेब, १०३ मध्ये आम्ही राहतो!!

गोखले मॅडम (४०२): साठे, रागावू नका. 'व्हॉट्स राँग विथ हिम' म्हणजे त्याला काय होतंय, बरं नाही का, असंही होतं. 'ही इज राँग' म्हणजे त्याचं चुकतंय. उत्तर चुकलं तरी राँग, चोरी केली तरी राँग. आपल्याकडे चूक वेगळी, गैर वेगळं, बिघाड वेगळा. इंग्रजीत तिन्हींना एकच डबा. 'इनकरेक्ट' मात्र उत्तरालाच, चोरीला कुणी इनकरेक्ट म्हणत नाही.

साठे: मग मी कुठल्या डब्यात?

परब: बिघाडाच्या. म्हणजे पाइप.

शेख: बादली भरली.

गोखले मॅडम: 'राँग' हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आलाय, मूळ अर्थ वाकडा. कपडा पिळायचं इंग्रजी क्रियापद 'रिंग' (wring) त्याचंच भावंड, त्यालाही पुढे तोच मुका डब्ल्यू. पूर्वी तो उच्चारायचे. आणि 'राइट' म्हणजे मुळात सरळ. आपणही म्हणतोच की, त्यांचं आमचं वाकडं आहे.

ॲड. देवधर: आमचा कायद्यातला 'टॉर्ट', म्हणजे भरपाई मागता येते असं गैरकृत्य, तोसुद्धा लॅटिनमधल्या 'पिळलेलं'वरून.

निखिल: म्हणजे पाइपच वाकडा 😂

मोहिते वहिनी: राँग साइडने स्कूटर घुसवणाऱ्यांनी वाकड्यात शिरू नये. गेटवर रोज बघते मी.

निखिल: वहिनी, दोन मिनिटं वाचतात ओ.

शेख: दुसरी बादली लावली. प्लंबर??

परब: शब्द मागे घेतो. सुधारित: 'देअर इज अ प्रॉब्लेम इन ३०२.'

साठे: प्रॉब्लेम??

परब: (हा मेसेज डिलीट केला आहे)

परब: ३०२ च्या बाथरूमचा पाइप गळतो आहे. प्लंबर उद्या सकाळी १० वाजता येईल.

साठे: हे कसं स्वच्छ! पण उद्या आम्ही नाही, नांदेडला लग्न आहे. सोमवारी बघू.

शेख: तिसरी बादली कुणाकडे आहे का?