बर्निंग बुश लाल का होत नाही?

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी लावलेलं बर्निंग बुश (युऑनिमस अलाटस, शरदात पानं लाल होणारं झुडूप) यंदाही फिकट गुलाबीवरच थांबलं. फांद्यांवरचे बुचासारखे पंख मात्र झकास आलेत. भिंतीच्या आडोशाला आहे, ऊन सकाळी तासभर. खत वाढवू का?

उत्तर: खत नको, ऊन द्या! माझंही सावलीत असंच रुसलं होतं. पानगळ झाल्यावर मातीच्या गड्ड्यासकट उचलून मोकळ्यावर लावलं. पहिलं वर्ष मरगळलेलं, दुसऱ्या शरदात लालभडक. रोज 6 तास तरी थेट ऊन हवं. नायट्रोजन ओतलात तर नुसता पाला माजेल.

दुसरं उत्तर: पक्षी फळं खाऊन बिया लांबवर टाकतात, म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये याच्या विक्रीवर बंदी आहे. मी कुंपणाखालची रोपं उपटून कंटाळलोय.

प्रश्नकर्ता: म्हणजे आता कुदळ काढतो. बायको हसणार!