मदत हवी आहे: बडोद्यात मातीकाम शिकायचंय, पण केलेलं भांडं कापायला लावणारा वर्ग घ्यावा का?

कारेलीबागवाली

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, राहायला कारेलीबागेत, नोकरी बँकेत. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, शनिवार-रविवार अंगावर यायला लागले, म्हणून सिरॅमिक्स शिकायचं मनावर घेतलंय. वेळ घालवायला नाही, नीट शिकायचंय. चहाचे मग, वाडगे आणि जमलंच तर लोणच्याची बरणी, एवढीच झेप.

दोन ठिकाणं बघून आले. नावं मुद्दाम लिहीत नाही.

पहिलं अलकापुरीकडचं. दोन तासांची कार्यशाळा, एसी, मंद गाणी, ॲप्रन त्यांचा, फोटो काढायला माणूसही त्यांचाच. मातीचा गोळा चाकावर आधीच बसवून ठेवलेला होता. शिकवणाऱ्या मुलीनं माझ्या हातांवर तिचे हात ठेवले आणि बघता बघता वाडगा वर आला. पुढे तो भाजून, निळं ग्लेझ (काचेसारखा लेप) चढवून घरपोच आला. दिसतो देखणा. पण तो मी केला असं म्हणायला जीभ रेटत नाही. तिनं क्षणभर हात काढले तेव्हा माती अशी काही डुगडुगायला लागली की तिनं घाईघाईनं पुन्हा धरली.

दुसरं फतेगंजमध्ये, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या पडवीत. बाई साठीच्या असतील, स्वतःचं काम करतात, एका वेळी चारच जण घेतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी, फी तीन महिन्यांची एकदम. त्यांची अट ऐकून मात्र मी चाट पडले. पहिला महिना काहीही भाजायचं नाही. चाकावर जे होईल ते तारेनं उभं कापायचं, दोन्ही अर्धे शेजारी ठेवून बघायचे आणि माती परत बादलीत. मी बसले होते तेव्हा एका मुलानं चांगला वीतभर उंच गिलास काढला. मला तर त्यात काही खोट दिसत नव्हती. त्यानं हूं की चूं न करता तो कापला. आत बघितलं तर तळाशी भिंत बोटभर जाड आणि वरची कड पार पातळ!

घरी हे सांगितल्यावर नवरा म्हणाला, "पैसे भरायचे आणि घरी आणायचा काय, चिखल?" सासूबाईंचं म्हणणं, कुंभारवाड्यात जाऊन बस, तिथे कोणी पैसे मागणार नाही.

तर जाणकारांनो, हा कापाकापीचा प्रकार सगळीकडे असतो की ही त्या बाईंचीच शिस्त? चाक आधी शिकावं की नुसत्या हातानं घडवणं आधी? माझं उजवं मनगट जुनं दुखणेकरी आहे, ते या कामात टिकेल का? आणि घरी चाक घेण्यात काही अर्थ आहे का?

सेवउसळप्रेमी

मातीतलं काही कळत नाही. बरणी झाली की कळवा, कैऱ्या माझ्याकडून.

मृद्गंधा

फतेगंज. डोळे मिटून.

आता जरा सविस्तर. मी बडोद्यालाच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून शिकले, आता पुण्यात शिकवते. तुमच्या अलकापुरीच्या अनुभवातली कळीची गोष्ट म्हणजे "गोळा आधीच बसवून ठेवलेला होता". मातीकामातला सगळ्यात अवघड भाग त्यांनी परस्पर उरकून टाकला. त्याला सेंटरिंग म्हणतात. चाक फिरत असताना गोळा अजिबात हलताना दिसू नये, स्थिर उभा आहे असं वाटावं, इतका तो मधोमध यायला हवा. तो आला नाही तर पुढचं सगळं वाकडं. तुमची माती डुगडुगली ती याचसाठी. नवशिक्याचे हात मातीबरोबर हलतात. शिकलेले हात जागचे हलत नाहीत, मातीला त्यांच्याभोवती यावं लागतं.

ते जमतं कसं? डावं कोपर मांडीवर किंवा कमरेच्या हाडाशी पक्कं रोवायचं. डावा तळवा बाजूनं दाबतो, उजव्या हाताची कड वरून. जोर मनगटातून नाही, खांद्यातून आणि धडातून, म्हणजे तुम्ही अख्ख्या पुढे झुकता. चाक या वेळी वेगात. दोन्ही बाजूंनी दाबत गोळा शंकूसारखा वर चढवायचा, मग वरून दाबून पुन्हा खाली बसवायचा, असं काही वेळा. पाणी बेताचं, नाहीतर माती लगद्यावर जाते. हात सोडताना झटक्यानं सोडले की गोळा पुन्हा बाहेर जातो, अगदी हळू सोडायचे. ही शेवटची गोष्ट कार्यशाळेत कोणी सांगत नाही, कारण तिथे हात सोडायची वेळच येत नाही.

मनगटाचं म्हणाल तर डॉक्टरांना विचाराच. पण कोपर टेकवून शिकवणारं माणूस मिळालं तर मनगटावर फारसा भार येत नाही. अर्धा किलोच्या आतला गोळा घ्या आणि माती मऊ मागून घ्या. नवे विद्यार्थी हौसेनं मोठा गोळा उचलतात आणि आठवडाभर हात चोळत बसतात.

कापण्याबद्दल: ही लहर नाही, जुनी आणि चांगली पद्धत आहे. भिंत कुठे जाड राहिली ते बाहेरून कळत नाही. त्या मुलाचा गिलास हे नमुनेदार उदाहरण. बहुतेकांची माती तळाच्या कोपऱ्यात अडकून राहते, कारण बोटं सुरुवातीलाच पुरेशी खालून उचलत नाहीत. तसं भांडं भाजलं तर जड होतं, शिवाय पातळ कड लवकर सुकते, जाड तळ ओला राहतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी आकसल्यानं तडा जातो. तळाला मध्येच नागमोडी तडा दिसला तर समजा, तळ बोटानं नीट दाबलेला नाही किंवा आत पाणी साचू दिलंय.

हौशी_हात

मृद्गंधाताईंशी थोडा असहमत. सगळ्यांना कुंभार व्हायचं नसतं. मी बंगळूरला अशाच एका कडक वर्गाला गेलो आणि महिनाभर नुसती माती मळून, कापून कंटाळून सोडला. दोन वर्षांनी एका शनिवारच्या कार्यशाळेत हातानं चिमटून वाटी केली, तीन इंचांची, वेडीवाकडी, आणि तिथून गोडी लागली. चाकाच्या मागे एवढं लागायची गरज नाही. गोळ्यात अंगठा घालून चिमटत वाटी करणं, वळ्या करून एकावर एक रचणं, लाटून पट्ट्या जोडणं, यातून मगसुद्धा होतात. चाकच पाहिजे असा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी.

मृद्गंधा

@हौशी_हात, हे मान्य. पण धागाकर्तीनं "तो मी केला असं म्हणायला जीभ रेटत नाही" लिहिलंय ना, त्यावरून मी सल्ला दिला. जिला हे खटकतं तिला कार्यशाळा पुरणार नाही.

दांडियाबाजार

सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हो. कुंभारवाड्यातली प्रजापती मंडळी नवरात्राआधी जाळीदार गरबे (आत दिवा ठेवायचे मातीचे घट) घडवतात, ते बघायला गेलात तर हाताचा वेग कळेल. फक्त नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर जाऊन शिकवा म्हणू नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्याच्या बरंच आधी जाऊन ओळख करून घ्या. चाकाशी उकिडवं बसावं लागेल, गुडघे तपासून जा. आणि दांडक्यानं फिरवायचं पारंपरिक चाक बहुधा घड्याळाच्या दिशेनं फिरतं, स्टुडिओतली विजेची चाकं बहुधा उलट. दोन्हीकडे शिकलात तर हात गोंधळतील. बऱ्याच विजेच्या चाकांना दिशा बदलायचा खटका असतो, बाईंना विचारा.

चाक की हात या वादावर एक. छोटा उदेपूरकडे देवाला वाहायचे मातीचे घोडे मिळतात, ते एकदा बघून या. धड, पाय, मान हे चाकावर काढलेले पोकळ नळकांडे असतात, मग हातानं जोडलेले. त्या कुंभाराला कोणी विचारत नाही तू कुठल्या शाखेचा.

अवांतर: बडोद्यात सिरॅमिक्स शिकायचं आणि ज्योत्स्ना भट्ट यांचं नाव माहीत नसायचं, असं नको. मूळच्या कच्छमधल्या मांडवीच्या, जन्म १९४०. आधी वर्षभर मुंबईच्या जे. जे.मध्ये, मग आपल्या फाइन आर्ट्सला शंखो चौधरींच्या हाताखाली शिल्पकला, पुढे न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये सिरॅमिक्स. १९७२ ते २००२ इथेच शिकवलं. २०२० साली गेल्या. त्यांची मांजरं, घुबडं, कमळकळ्या बघायला मिळाल्या तर सोडू नका. चकाकी जवळजवळ नसलेलं, मॅट ग्लेझ. तुमच्या त्या घरपोच निळ्या वाडग्याशेजारी ठेवून बघा, एवढंच म्हणतो.

विश्वामित्रीकाठ

घरच्या चाकाबद्दल मी बोलतो, कारण माझ्याकडे आहे.

चाक घेणं सोपं, ते पंख्याशेजारच्या साध्या प्लगला लावून चालतं. अडचण भट्टीची. घरगुती विजेच्या भट्टीचा भार काही किलोवॅटचा असतो. मंजूर लोड वाढवून घ्यावं लागतं, वायरिंग वेगळं टाकावं लागतं, मोठी भट्टी असेल तर थ्री फेज. त्यामुळे सुरुवातीला कोणाच्या तरी भट्टीत पैसे देऊन भाजून घेणं बरं. वर्ग लावताना हे आधी विचारा: बाहेरून आणलेलं काम भाजून देतात का, दर वजनावर की आकारावर, आणि भट्टी उघडताना विद्यार्थ्यांना बघू देतात का.

बाहेरून माती आणलीत तर कुठली ते भट्टीवाल्याला सांगायलाच हवं. कुंभाराची लाल माती साधारण ९०० ते १००० अंशांची. मगसाठी वापरतात ती स्टोनवेअरची माती १२०० च्या वर जाते. लाल मातीचं भांडं चुकून त्या भट्टीत गेलं तर वितळून फळीवर बसेल, आणि शेजारच्याचे मगही घेऊन बसेल.

मोरीत मातीचं पाणी ओतू नका. पाइप तुंबला की प्लंबर जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. दोन बादल्या ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी झाडांना, गाळ पुन्हा मळायला. वाळलेली माती झाडूनं कधीही झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. त्या धुळीत सिलिका असतं आणि ते फुप्फुसातून बाहेर येत नाही. हे मी गमतीत लिहीत नाहीये.

आणि तळमजल्यावर राहत असाल तर चाक उंचावर. २०२४ च्या ऑगस्टमधलं विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आठवत असेलच. आमच्याकडे मोटर वाचली कारण ती माळ्यावर होती, पोत्यातली कोरडी माती मात्र जागच्या जागी कालवली गेली.

सेवउसळप्रेमी

मळायचे कष्ट वाचले म्हणा की.

कारेलीबागवाली

सगळ्यांचे आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. आज बाईंना फोन केला. भट्टी उघडताना विद्यार्थी असतातच म्हणाल्या, उलट सक्तीनं बोलावतात. बाहेरचं काम भाजून देत नाहीत, त्यांच्याकडचीच माती वापरली असेल तरच देतात. फी भरतेय. नवऱ्याला सांगितलंय, महिनाभर चिखल, मग बघू.

मृद्गंधाताई, दोन शंका. हवेचा बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं म्हणतात, खरं का? आणि बरणी कधी करता येईल? घरी आजेसासूबाईंची परशुराम पॉटरीची बरणी आहे, पिवळसर-तपकिरी, तशी करायची फार इच्छा आहे.

मृद्गंधा

वा! पडवीतला वर्ग सोडू नका.

बुडबुड्याचा फार गवगवा झालाय. फोडते ती वाफ. भांडं आतून ओलं असताना भट्टीत गेलं आणि तापमान भराभर शंभराच्या वर चढवलं, तर आतल्या पाण्याची वाफ कित्येक पट फुगते आणि भिंत उडते. बुडबुड्यात ओल अडकली असेल तर तोही फुटेल, पण पूर्ण सुकलेलं भांडं बुडबुड्यासकट सुखरूप भाजून निघू शकतं. मातीतली हवा मळून काढतात ती मुख्यतः चाकावर भिंत वर ओढताना बोटाखाली खड्डा येऊ नये म्हणून. सुकलं की नाही ते बघायला भांडं गालाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे. पावसाळ्यात बडोद्यात यालाच फार वेळ जातो. उन्हाळ्यात उलटं, तेव्हा प्लॅस्टिकखाली झाकून सावकाश सुकवा, पंख्याखाली तर मुळीच नको. मगचा कान हमखास सांध्याशी तडकतो, कारण तो भांड्याच्या आधी सुकतो.

बरणी लगेच नको. ती वांकानेर-मोरबीकडची परशुरामची बरणी कारखान्यातली आहे, तिच्या नादानं सुरुवात केलीत तर हिरमोड होईल. आधी सरळ गिलास, नंतर चहाचा मग, त्यानंतर झाकणाचं भांडं. झाकणाचं माप ओल्या मातीवर घ्यायचं, दोन्ही एकाच मातीचे, एकाच दिवशी केलेले, आणि शक्य तितके एकत्र सुकवलेले. स्टोनवेअर ओल्यापासून भाजून होईपर्यंत साधारण दहा-बारा टक्के आकसतं. आज केलेल्या बरणीला उद्या केलेलं झाकण नीट बसेलच असं नाही. मगही हवा त्याहून मोठा करा, नाहीतर कटिंग चहापुरता उरेल.

लोणच्यासाठी ग्लेझ कुठलं हे बाईंना स्पष्ट विचारा. शिसं नसलेलं आणि पुरेसं भाजलेलं हवं, कारण मीठ आणि आंबट दोन्ही महिनोन्महिने आत मुरत राहणार आहेत. ग्लेझवर बारीक जाळीसारख्या चिरा दिसल्या तर त्या बरणीत सुकामेवा ठेवा, लोणचं नाही.

वर्ग सुरू होईपर्यंत घरी करण्यासारखं एक. बाईंकडून दोन किलो माती मागून घ्या, ओल्या फडक्यात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. रोज रात्री लाकडी पाटावर दहा मिनिटं मळा, भाकरीच्या पिठासारखी तळव्याच्या खालच्या भागानं पुढे रेटत आणि परत ओढत. मग तारेनं मधोमध कापून बघा, आत छिद्रं आहेत का. मनगटाला किती सोसतंय तेही यातच कळेल, आणि दुखलं तर चाकावर बसायच्या आधीच बाईंना सांगता येईल.