मदत हवी आहे: टीबीनंतर फुप्फुसात बुरशी, इट्राकोनाझोल (बुरशीवरचं औषध) कोणी घेतंय का?

नमस्कार मंडळी. बाबांना (वय 61) बारा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला होता. यंदा पुन्हा खोकला, वजन उतरलं, थुंकीतून रक्त. थुंकीची तपासणी निगेटिव्ह असूनही टीबीच परत आला म्हणून गोळ्या सुरू झाल्या, दोन महिने फुकट गेले. शेवटी सीटी स्कॅनमध्ये जुन्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचा गोळा दिसला. आता इट्राकोनाझोल 200 मिग्रॅ दिवसातून दोनदा, किमान सहा महिने.

कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची आणि अ‍ॅसिडिटीची गोळी टाळायची, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण बाबांची एक सकाळ पॅन्टोप्राझोलशिवाय जात नाही! तुम्ही कसं जमवलंत? शिवाय परवापासून घोट्यांवर सूज आहे. हे औषध हृदयावर ताण आणू शकतं म्हणे, त्यामुळे उद्याच दाखवतोय. कोणाला असं झालं होतं का? मग औषध बदललं का?

रक्तातली इट्राकोनाझोलची पातळी सातारा-पुण्याकडे कुठे तपासून मिळते, साधारण खर्च किती?

आणि ही बुरशी कडब्याच्या गंजीत, मळणीच्या धुळीतही असते, त्यापासून बाबांना लांब कसं ठेवायचं तेही सांगा. माझं तर ऐकतच नाहीत.