मदत हवी आहे: पिलांच्या खाद्यातील प्रथिने घटवल्यावर वाढ मंदावली, व्हॅलिन कमी पडत असेल का?

नमस्कार.

आईपासून तोडलेल्या, ७ ते ११ किलो वजनाच्या वराहपिलांना मी मका आणि सोयाबीन पेंड यांचे खाद्य देतो. पूर्वी त्यात २२ टक्के प्रथिने असत आणि हगवण ठरलेलीच असे. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात कुजून जंतूंना पोसतात, म्हणून मी पेंड कमी करून प्रथिने १८ टक्क्यांवर आणली आणि तूट भरून काढण्यासाठी लायसिन, मेथिओनिन व थ्रिओनिन ही अमिनो आम्ले (प्रथिने ज्यांची बनतात ते घटक; व्हॅलिनही त्यांतलेच) मिसळली. हगवण बरीच आटोक्यात आली. पण पिले आता पूर्वीइतके खात नाहीत आणि वजनातही मागे पडली आहेत. पाणी, ऊब व जागा यांत काहीही बदललेले नाही.

पचनीय लायसिन मी १.३५ टक्के ठेवले आहे. (लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये प्रत्यक्ष लायसिन सुमारे ७८ टक्केच असते, हे पहिल्या हिशेबात माझ्याकडून सुटले होते, आता ते धरले आहे.) लायसिन १०० मानले, तर व्हॅलिन जेमतेम ५३ भरते आणि ते सुमारे ६४ असायला हवे, ट्रिप्टोफॅन १६ ऐवजी १४, तर आयसोल्युसिन ५१ ऐवजी ४९ येते. सर्वांत तोकडे पडणारे अमिनो आम्लच वाढीची मर्यादा ठरवत असल्याने, मी विकत घेऊन घातलेल्या लायसिनचा बराच भाग शरीरात मोडून त्यातील नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर जात असणार, असे मला वाटते. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोहोचवणारे रसायन) बनते आणि ट्रिप्टोफॅनच्या कमतरतेने भूक मंदावते, हे पाहता खाणे कमी होण्याचे कारणही इथेच असावे.

माझा मुख्य प्रश्न असा, की व्हॅलिन आणि ट्रिप्टोफॅन दोन्ही शुद्ध स्वरूपात घालावीत, की पेंड थोडी वाढवून प्रथिने १९.५ टक्क्यांच्या आसपास न्यावीत? दुसऱ्या मार्गाने आयसोल्युसिनची किरकोळ तूटही भरून निघेल आणि पिलांना अनावश्यक गटातील (म्हणजे शरीरात बनू शकणारी) अमिनो आम्ले स्वतः तयार करण्यासाठी लागणारे नायट्रोजनही मिळेल, म्हणून माझा कल तिकडे आहे. भीती फक्त हगवण परतण्याची आहे. ज्यांनी या वयाच्या पिलांसाठी असे खाद्यसूत्र प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी प्रथिनांची पातळी आणि लायसिनशी असलेली इतर अमिनो आम्लांची प्रमाणे कृपया कळवावीत.