सासऱ्यांनी जमवलेली डॉलरची नाणी: ठेवायची की विकायची?

जुई_एडिसन:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय. आमचे पपा (सासरे) मागच्या वर्षी गेले, आता सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यात. त्यांचं घर रिकामं करताना कपाटाच्या तळाशी बिस्किटांचे तीन डबे सापडले, उचलवत नव्हते एवढे जड, सगळे डॉलरच्या नाण्यांनी भरलेले. पपा रोज एनजे ट्रान्झिटने न्यूयॉर्कला जायचे, तिकिटाच्या मशीनमधून सुट्टे म्हणून डॉलरची नाणी पडायची, ती त्यांनी कधी खर्चच केली नाहीत. तर पहिल्या डब्यात ती सोनेरी नाणी, साकागाविया या आदिवासी स्त्रीच्या चित्राची आणि प्रेसिडेंटवाली, 12 रोल बँकेच्या कागदात तसेच बंद आणि बाकी सुटी. दुसऱ्यात मोठी जुनी नाणी, 19 नाण्यांवर 1921 किंवा त्याआधीची सालं आहेत, शिवाय काही आयसेनहॉवरची, त्यातली दोन निळ्या पाकिटात. आणि तिसऱ्यात सिल्व्हर ईगल (सरकारी टांकसाळीची, एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम चांदीची नाणी), दर धनत्रयोदशीला एक, 1987 पासून 2023 पर्यंत एकही वर्ष चुकलेलं नाही, प्रत्येकासोबत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, त्या वर्षी घरात काय झालं ते दोन ओळीत.

नवरा म्हणतो एकदाच काय ते विकून मोकळे होऊ. सासूबाई काही बोलत नाहीत, डबा उघडला की चिठ्ठ्या वाचत बसतात. जवळच्या एका दुकानात नेऊन दाखवली तर तिथल्या माणसाने दोन-चार नाणी वरवर चाळून सरसकट एक आकडा सांगितला, आणि हा भाव फक्त आजच म्हणे. मला ते पटलं नाही, परत घेऊन आले. काय करू?

नाणीवेडा_ओहायो:
ताई, परत आणलीत ते फार बरं केलंत. सरसकट भावात कधीच देऊ नका, कारण तुमच्याकडचे तीन डबे म्हणजे तीन वेगळे प्रकार आहेत.

सोनेरी नाण्यांत चांदी किंवा सोनं अजिबात नाही, तो पितळी मुलामा आहे. प्रेसिडेंटची मालिका 2007 ते 2016, मग 2020 मध्ये थोरल्या बुशचं एक, अशी 40 नाणी. लोक वापरेनात म्हणून सरकारकडे एक अब्जाहून जास्त पडून राहिली आणि 2011 च्या शेवटी व्यवहारासाठी पाडणं बंद केलं. त्यामुळे मशीनमधून आलेली नाणी म्हणजे डॉलरला डॉलर. 12 रोल म्हणजे 300 डॉलर, बँकेत भरा, ठेवून वाढणार काही नाही. फक्त सुट्यांमधली 2007 ची वॉशिंग्टनवाली कडेने बघा. साल आणि अक्षरं कडेवर असतात, काही नाणी चुकून कोऱ्या कडेची बाहेर पडली, त्यांना डॉलरपेक्षा बरेच जास्त मिळतात. अक्षरं उलटी दिसली तर मात्र ती चूक नव्हे, दोन्ही बाजूंनी तशी येतातच.

आयसेनहॉवर 1971 ते 1978. बहुतेक तांबे-निकेलची, किंमत डॉलरभरच. तुमच्या निळ्या पाकिटातली दोन मात्र 40 टक्के चांदीची, ती बाजूला काढा.

खरा जीव त्या 19 मध्ये आहे. मॉर्गन असतील (नक्षीकाराच्या नावाने ओळखले जाणारे जुने चांदीचे डॉलर, 1878 ते 1904 आणि मग 1921), 1921 मधली काही पीस डॉलरही (पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेची आठवण म्हणून काढलेली) असू शकतील. दोन्ही 90 टक्के चांदी, वजन 26.73 ग्रॅम, म्हणजे एका नाण्यात 0.77 औंस चांदी. आजच्या भावाला तेवढ्याने गुणा, त्याच्या खाली कोणी मागितलं तर उठून चालू लागा. मॉर्गनच्या मागच्या बाजूला गरुडाखाली बारीक अक्षर असतं, तिथे सीसी दिसलं तर ते कार्सन सिटीच्या टांकसाळीचं, त्याला चांदीच्या वर चांगला भाव मिळतो. आणि 1893 चं एस अक्षराचं (सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं) निघालं तर आधी नकली आहे असंच समजून तपासा, खरी फक्त 1 लाख पाडली होती आणि नकली भरपूर फिरतात. 1921 चं मॉर्गन सगळ्यात जास्त सापडतं, त्याला ग्रेडिंगला (दर्जा तपासून प्रमाणित करून घ्यायला) पाठवण्यात अर्थ नाही, फीच जास्त होईल.

कोकणी_बोस्टन:
एक कळकळीची विनंती, काहीही झालं तरी घासू नका. आमच्या घरी आजोबांकडून आलेले पाच मॉर्गन होते, मी दिवाळीच्या पूजेत ठेवायचे म्हणून समयांसोबत टूथ पावडरने घासून लख्ख केले. नंतर कॉइन शोमध्ये (नाण्यांच्या प्रदर्शन-विक्रीत) नेले तर तिथल्या एका जाणकार बाईंनी भिंगातून बघितलं आणि सांगितलं की वरचा मूळ पापुद्राच गेलाय, आता नुसता चांदीचा भाव. त्यातलं एक सीसी होतं. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. काळपट दिसली तरी तशीच राहू द्या, कडेने धरा, आणि मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत असतील तर काढा, पीव्हीसीमुळे हिरवा चिकट थर चढतो.

मामा_डॅलस:
विकायचीच ठरली तर टॅक्सचं बघा. नाणी कलेक्टिबल धरतात, वर्षाहून जास्त ठेवलेल्यावर फायद्याला 28 टक्क्यांपर्यंत दर लागतो. पण वारसाने आलेल्या वस्तूची किंमत व्यक्ती गेली त्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात, पपांनी 1987 मध्ये कितीला घेतली ते शोधत बसू नका. त्या तारखेचा चांदीचा भाव तेवढा लिहून ठेवा. आणि ठेवणार असाल तर घराच्या विम्याचे कागद वाचा, साध्या पॉलिसीत नाणी, सोनं, चांदी सगळं मिळून बऱ्याचदा 200 डॉलरचीच मर्यादा असते. आमच्याकडे चोरी झाल्यावर हे कळलं.

जुई_एडिसन:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री सासूबाईंबरोबर बसून सगळी वेगळी केली. सीसी दोन निघाली! त्यांना आणि इतर मॉर्गनना पुढच्या महिन्यातल्या कॉइन शोमध्ये दोन-तीन जणांना दाखवेन. सोनेरी बँकेत. ईगलचं मात्र अजून अडलंय, 37 नाणी म्हणजे साधारण 1.15 किलो चांदी, आणि नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, मुलाच्या कॉलेजचा खर्च समोर आहे.

नाणीवेडा_ओहायो:
ईगल सुटी सुटी विकू नका एवढंच सांगेन. सलग सालांची रांग एकत्र असली तर घेणारे वेगळ्या नजरेने बघतात, 1996 चं त्यात सगळ्यात कमी पाडलेलं, सुमारे 36 लाख. आणि 1986 का नाही ते माझ्या लक्षात आलं. ईगलचं ते पहिलंच वर्ष, पण विक्रीला आलं नोव्हेंबरच्या शेवटी आणि त्या वर्षी दिवाळी महिन्याच्या सुरुवातीलाच होऊन गेली होती. पपांना धनत्रयोदशीला ते मिळणंच शक्य नव्हतं.

जुई_एडिसन:
हे वाचून सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, ते दिवाळी झाल्यावर दुकानात गेले होते, "आता पुढच्या वर्षी" म्हणून परत आले, आणि मग राहूनच गेलं. नवऱ्याने ते ऐकलं आणि ईगलचा विषय स्वतःच बाजूला ठेवला. मॉर्गन विकून येतील त्यातून 1986 चं एक घ्यायचं ठरलंय, चिठ्ठी सासूबाई लिहिणार आहेत. कुठून घ्यावं, कोणी खात्रीचं सांगेल का?