मदत हवी आहे : बाजारातले चढउतार नेमके कशाने कमी होतात?

नमस्कार मंडळी, शेअर बाजारातली अस्थिरता कमी करण्याच्या उपायांवर एक टिपण लिहिते आहे आणि सर्किट ब्रेकरपाशी (बाजार ठरावीक टक्क्यांनी पडला की व्यवहार थांबवणारा नियम) येऊन अडकले आहे.

अमेरिकेत 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ जोन्स हा शेअर निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला, त्यानंतर हे ब्रेकर आले. मार्च 2020 मध्ये ते चार वेळा लागले आणि दरवेळी 15 मिनिटांनी व्यवहार पुन्हा सुरू झाले. चीनचा अनुभव मात्र अगदी उलटा. जानेवारी 2016 मध्ये तिथे 5 टक्क्यांवर विराम आणि 7 टक्क्यांवर दिवसभर बंद असा नियम होता. 7 तारखेला बाजार अर्ध्या तासाच्या आत बंद पडला आणि नियमच गुंडाळावा लागला. दोन मर्यादा इतक्या जवळ असल्या की दार बंद व्हायच्या आधी विकून मोकळं व्हायची घाई होते, असं मला वाटतं. हे बरोबर आहे का?

चढउतार कमी करायचा दुसरा उपाय म्हणून शेअरच्या खरेदी-विक्रीवर जो कर लावतात, त्याबद्दलही सांगा. स्वीडनने तो 1984 मध्ये लावला, पण बरेचसे व्यवहार लंडनला गेले.

कोणी यावर अभ्यास केला असेल, प्रत्यक्ष ट्रेडिंगमध्ये असा विराम अनुभवला असेल, तर कृपया सविस्तर लिहा. त्या 15 मिनिटांत ऑर्डरींचं काय होतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.